काढलेला काचेचा ग्लास स्टीलचा का दिसतो आणि तो काचेचा कसा करायचा

शनिवार-रविवारच्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात जवळजवळ प्रत्येक नव्या तुकडीत हा प्रश्न येतो. मडकं जमतं, वांगं जमतं, तांब्याही बऱ्यापैकी जमतो, पण काचेचा ग्लास घेतला की गाडी अडते. आकार बरोबर असतो, शेडिंग मन लावून केलेलं असतं, तरी कागदावर ग्लास स्टीलचा दिसतो, नाहीतर दुधाळ प्लॅस्टिकचा. निवृत्तीनंतर शिकायला आलेल्या एका काकांनी तिसऱ्या खेपेला कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, दोन तास घोटतोय. जितकं घोटतो तितका हा जास्तच स्टीलचा होतोय." त्यांनी दुखणं अचूक पकडलं होतं. बिघाड घोटण्यातच आहे.

मडक्याचं शेडिंग आपण कसं करतो ते आठवा. उजेड डावीकडून, म्हणून डावी बाजू फिकट, मग मधली छटा, मग उजवीकडे गडद, अगदी कडेला थोडा परतलेला उजेड. शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी केलेल्यांच्या हातात हे पक्कं मुरलेलं असतं, कारण वस्तुचित्राच्या पेपरला ते लागतंच. ती शिकवण चुकीची नाही. ती आरपार न दिसणाऱ्या वस्तूंसाठी आहे, एवढंच. मडक्यावर पडलेला उजेड मडक्यावरच अडतो. काचेवर पडलेला बहुतेक उजेड पलीकडे निघून जातो. समोरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम 4 टक्के उजेड काचेच्या एका पृष्ठभागावरून परत फिरतो. रिकाम्या ग्लासच्या मधोमध पाहताना आपली नजर असे चार पृष्ठभाग ओलांडते, पुढच्या भिंतीचे दोन आणि मागच्या भिंतीचे दोन. तरीही मागे उभ्या केलेल्या पांढऱ्या कागदाचा साधारण 85 टक्के उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे ग्लासचा मधला भाग मागच्या कागदापेक्षा नावापुरताच गडद असतो. आणि आपण तिथेच डावीकडून उजवीकडे करडी छटा वाढवत नेतो. समोर नसलेली छटा कागदावर आली की डोळा म्हणतो, ही वस्तू आरपार नाही.

आधी एक छोटा प्रयोग करा

पेन्सिल हातात घेण्याआधी ही दहा मिनिटं द्या. माझ्या अनुभवात निम्मी अडचण इथेच सुटते.

साधा, सरळ भिंतीचा, नक्षी नसलेला रिकामा ग्लास टेबलावर ठेवा. ट्यूबलाइट बंद करा आणि फक्त डावीकडच्या खिडकीचा उजेड राहू द्या. ग्लासच्या मागे वीतभर अंतरावर वहीएवढा पांढरा कागद उभा करा. आता ग्लासच्या उजव्या काठाकडे पाहा. तिथे एक बारीक गडद रेषा दिसेल. मग पांढऱ्या कागदाच्या जागी तेवढाच काळा कार्डपेपर सरकवा. तोच उजवा काठ आता उजळ रेषेसारखा दिसेल. ग्लास हलला नाही, खिडकी हलली नाही, तुम्हीही हलला नाहीत.

असं का होतं? मधोमध काच आपल्याला पातळ पडद्यासारखी मिळते, पण काठाशी आपण तिच्या भिंतीतून लांबच्या लांब पाहत असतो. तिथे उजेड जोरात वळतो आणि मागच्या कागदाऐवजी बाजूच्या खोलीतलं काहीतरी डोळ्यात आणून सोडतो. खोलीची ती करडी छटा पांढऱ्या कागदाशेजारी गडद वाटते आणि काळ्या कार्डाशेजारी उजळ. काठाची छटा फारशी बदललेलीच नसते, बदललेला असतो तिचा शेजार.

काकांना मी हेच दाखवलं. ते बराच वेळ कार्ड मागे-पुढे सरकवत बसले होते. त्यानंतर "उजेड डावीकडून आहे, म्हणजे उजवीकडे काळं" हा हिशेब त्यांनी काचेपुरता बंद केला. तुम्हीही बंद करा. काचेत गडद कुठे आणि उजळ कुठे, हे आधी ठरवता येत नाही. ते दर वेळी समोर बसून पाहूनच काढावं लागतं.

छटेचा नकाशा काढा, मग भरा

कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या. झेरॉक्सच्या कागदावर दोनदा खोडलं की तंतू सुटतात आणि काचेला लागणारी धारदार कड तिथे मिळत नाही. पेन्सिली चार पुरेत: 2एच, एचबी, 2बी आणि 6बी, म्हणजे सर्वात फिकीपासून सर्वात काळीपर्यंत. चौघींनाही लांब टोक काढा.

2एचने ग्लासचा आकार हलकाच मांडा. त्यानंतर डोळे किलकिले करून पाहा. तपशील विरघळतात आणि आकार उरतात: काठाशी एक लांब काळी पट्टी, बुडाशी चंद्रकोरीसारखा डाग, खिडकीचा वाकडा चौकोन. प्रत्येक आकाराची हद्द हलक्या रेषेने आखून घ्या, जसे आपण नकाशात तालुके आखतो. काचेत छटा हळूहळू विरत जात नाहीत. काळ्याला लागून पांढरं असतं, मधल्या पायऱ्या नसतात. मडक्यात जी मऊ संक्रमणं आपण कौतुकाने करतो, तीच इथे घात करतात. पेपर स्टंपने (कागद घट्ट गुंडाळून केलेल्या घोटणीने) किंवा बोटाने घोटून या हद्दी पुसल्या की काचेची धार गेली. शिवाय बोटाचं तेल कागदावर उतरतं आणि नंतर कितीही खोडलं तरी तिथे पिवळट-करडा पडदा राहतो.

छटा ओळखायला एक साधं साधन आहे. जाड कार्डाला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. एक डोळा मिटून त्या भोकातून ग्लासचा एकच तुकडा पाहा. आजूबाजूचं झाकलं गेल्यामुळे ती जागा खरोखर किती गडद आहे ते कळतं. "काच आहे म्हणजे फिकटच असणार" ही समजूत इतकी घट्ट असते की डोळ्यासमोर काळंभोर असतानाही हात एचबीच्या पुढे जात नाही. मग सगळं चित्र करडं होतं. मी पाहिलेल्या फसलेल्या ग्लासांपैकी बहुतेकांत 6बीचा काळा एकदाही लागलेला नसतो, आणि कागदाचा निखळ पांढराही कुठे उरलेला नसतो.

म्हणून माझा आग्रह असा की सर्वात गडद दोन-तीन जागा सुरुवातीलाच भरून टाका. त्या सहसा बुडाच्या जाड काचेत आणि काठाजवळ सापडतात, आणि आकाराने भाताच्या दाण्याएवढ्या असू शकतात. त्या एकदा बसल्या की बाकीच्या छटा त्यांच्याशी ताडून लावता येतात. 6बी एकाच जागी दाबून रगडू नका. ग्राफाइट चकाकायला लागतं आणि काळा भाग उजेडात रुपेरी दिसतो. 2बीचा थर देऊन त्यावर 6बी हलक्या हाताने दोनदा फिरवली तर काळा जास्त खोल येतो.

काठ, अगदी जवळून

आता ग्लासच्या वरच्या काठाकडे या, कारण इथे सगळ्यांची एकच चूक होते: पेन्सिल न उचलता काढलेलं एक अखंड लंबवर्तुळ. अशा रेषेने ग्लास तारेच्या कड्यासारखा दिसतो.

खरा काठ पाहा. त्याला दोन-तीन मिलिमीटर जाडी आहे, म्हणजे ती एक गोलाई नाही, एकात एक दोन आहेत, आणि त्यांच्यामधली कड वरून गोलसर आहे. खिडकीच्या बाजूला त्या कडेवर एक छोटी, लख्ख पांढरी रेघ दिसते, तांदळाएवढी. तिच्या लगेच खाली केसासारखी काळी रेघ. ती जरा पुढे जाते, करडी होते आणि बोटभर अंतरावर चक्क नाहीशी होते. तिथे काठ आणि मागचा कागद एकाच छटेचे झालेले असतात. पुढे ती पुन्हा उगवते, पण आता काळी बाहेरच्या बाजूला आणि उजळ आतल्या बाजूला. मागचा काठ पुढच्यापेक्षा फिका आणि आणखी तुटक.

जिथे काठ दिसत नाही तिथे तो काढू नका. रिकामी जागा सोडायला भीती वाटते, हात शिवशिवतो. सोडा. बघणाऱ्याचा डोळा ती जागा स्वतः जोडून घेतो, आणि त्या जोडण्यातूनच काच पारदर्शक वाटते. दिसत असलेल्या तुकड्यांतही रेषेची जाडी बदलती ठेवा.

लंबवर्तुळाबद्दल थोडक्यात दोनच गोष्टी. त्याची डावी-उजवी टोकं गोल असतात, होडीसारखी टोकदार नसतात. आणि ग्लास डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर बुडाचं लंबवर्तुळ वरच्या काठापेक्षा जास्त उघडं, जास्त गोल दिसतं. ग्लास टेबलावर आहे म्हणून बुडाला सरळ आडवी रेषा मारली की तो कापल्यासारखा वाटतो.

चमक दिसतच नाही, किंवा खडूच्या डागासारखी दिसते

कागदापेक्षा पांढरं आपल्याकडे काहीच नाही. ग्लासच्या मागची जागा कोरी सोडली असेल तर चमकही कोरी आणि पार्श्वभूमीही कोरी, मग ती उठून दिसणार कशी? मागे हलकी करडी छटा द्या. एचबीच्या तिरप्या, एका दिशेच्या रेघा पुरतात. ग्लासमधूनही तीच करडी छटा दिसली पाहिजे, आणि चमकेपुरताच कागद कोरा राहिला पाहिजे. फ्रेंच चित्रकार शार्दँ यांचं 1761 च्या सुमाराचं पाण्याच्या ग्लासचं आणि कॉफीच्या भांड्याचं एक छोटं तैलचित्र पिट्सबर्गच्या कार्नेगी कलासंग्रहालयात आहे. त्यातला ग्लास गडद तपकिरी भिंतीपुढे ठेवला आहे, आणि तो ग्लास वाटायला त्यांना मोजके उजळ फटकारे पुरले आहेत. त्याचं छायाचित्र इंटरनेटवर मिळतं. मोठं करून पाहा.

चमकेला आकार असतो हे लक्षात ठेवा. ती खिडकीची प्रतिमा आहे, त्यामुळे खिडकीसारखीच चौकोनी, भिंतीच्या गोलाईबरोबर वाकलेली, कधी मधल्या गजांच्या रेघांसह. तिच्या कडा स्वच्छ असतात. चांदणीसारखे किरण काढू नका. आणि चमक नंतर खोडून काढण्यापेक्षा सुरुवातीलाच हद्द आखून राखलेली चांगली. खोडावीच लागली तर खोडरबराचा कोपरा ब्लेडने तिरपा कापून धार करून घ्या. पांढऱ्या जेल पेनचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. शाईचा पांढरा निळसर दिसतो, कागदाचा पांढरा किंचित पिवळसर, आणि दोन्ही शेजारी आले की शाई वर चिकटवल्यासारखी वाटते.

पाणी भरलं की सगळं बदलतं

रिकामा ग्लास दोनदा जमल्याशिवाय पाणी घालू नका, असं मी वर्गात सांगते. कारण पाण्याने भरलेला ग्लास पडद्यासारखा वागत नाही, भिंगासारखा वागतो.

सुमारे 7 सेंटीमीटर रुंदीचा ग्लास भरा आणि मागे कागदावर जाड बाण काढून उभा करा. बाण ग्लासला चिकटलेला असताना तो फुगलेला, रुंद दिसेल. आता कागद हळूहळू मागे न्या. चार-पाच सेंटीमीटरच्या आसपास बाण विस्कटतो, आणि त्याहून मागे नेला की उलट्या दिशेला वळलेला दिसतो. मागच्या पडद्याच्या पट्ट्या, खिडकीची चौकट, शेजारचं लिंबू, सगळ्यांचं डावं-उजवं असंच पालटतं. पण वरच्या रिकाम्या भागातून त्याच वस्तू सरळ दिसतात. विद्यार्थी मागची रेघ वरून खाली एकसंध ओढतात, आणि मग पाणी कुठे दिसतच नाही. पाण्याच्या पातळीवर ती रेघ तोडा, खालचा तुकडा जिथे दिसतो तिथे काढा, आणि पाणी आपोआप दिसू लागेल. चमचाही तसाच. पातळीवर तो तुटतो, खाली जाड होतो आणि बाजूला सरकतो. किती सरकतो ते चमचा ग्लासच्या मागच्या भिंतीजवळ आहे की पुढच्या, यावर ठरतं. अंदाजाने सरकवू नका, पेन्सिल आडवी धरून मोजा.

पाण्याची पातळी हेही एक लंबवर्तुळ आहे. काचेला जिथे पाणी टेकतं तिथे ते किंचित वर चढलेलं असतं, त्यामुळे कडेला एक उजळ आणि तिला लागून एक गडद अशी जुळी रेघ दिसते. एवढी जुळी रेघ नीट काढली तरी पाणी ओलं वाटतं. आणि पाण्यातून पाहताना बूड वर उचललेलं दिसतं. वरून सरळ पाहिलं तर पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या तीन-चतुर्थांशच भासते. तिरप्या नजरेला ती आणखी कमी वाटते.

अजून एक गोष्ट मडक्याच्या नेमकी उलट असते. पाणी किंवा कोकम सरबत भरलेल्या ग्लासात खिडकीकडच्या बाजूला छोटी चमक असते, पण आतला मोठा उजाळा पलीकडच्या, म्हणजे खिडकीपासून लांबच्या बाजूला असतो. उजेड आत शिरतो, वळतो आणि तिथे गोळा होतो. दुधाचा चहा मात्र आरपार नाही. कटिंगच्या ग्लासात चहाचा भाग मडक्यासारखाच शेड करायचा आणि काचेचे नियम फक्त वरच्या रिकाम्या बोटभर पट्टीला व खालच्या जाड बुडाला लावायचे. हा विषय नवशिक्यांना मी मुद्दाम देते. एकाच वस्तूत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी येतात.

काढता काढता चमक जागा बदलते

हीसुद्धा नेहमीची तक्रार. तुमचं डोकं चार बोटं हललं तरी काचेतले सगळे आकार सरकतात. मडक्याला एवढा फरक पडत नाही, म्हणून आपल्याला स्थिर बसायची सवय नसते. पाठ खुर्चीला टेकवा, महत्त्वाच्या जागा पाहताना एकच डोळा उघडा ठेवा, आणि दर वेळी काठाची पुढची कड मागच्या कागदावरच्या एखाद्या खुणेशी जुळते का ते बघूनच पुढे जा. खिडकीचा उजेडही तासाभरात फिरतो. म्हणून छटांचा नकाशा पहिल्या वीस मिनिटांत पूर्ण करा आणि नंतर उजेड बदलला तरी नकाशा बदलू नका. मोबाइलच्या फोटोवरून काढायचा मोह आवरा. फोन काळे भाग उजळतो आणि उजळ भाग दाबतो, म्हणजे जे शिकायचं तेच फोटोत पुसलेलं असतं.

सावली

ग्लासची सावली सरसकट काळी नसते. काचेने वळवलेला उजेड सावलीतच जाऊन पडतो, आणि पाणी भरलेलं असेल तर तिच्या मधोमध एक लख्ख पट्टा उमटतो, भोवतालच्या टेबलापेक्षाही उजळ. टेबलाला आधी छटा द्या, नाहीतर तो पट्टा दाखवायला पांढरं शिल्लकच राहणार नाही. मग सावली भरा आणि पट्टा कोरा सोडा. बूड टेबलाला जिथे खरोखर टेकतं तिथे एक बारीक गडद रेघ लागते. ती चुकली तर ग्लास हवेत तरंगतो.

बिघडलेलं चित्र वाचवता येतं का?

बऱ्याचदा येतं. सगळा ग्लास करडा झाला असेल तर मळता येणारा खोडरबर घ्या, तो मऊ करून कागदावर नुसता दाबा आणि उचला. घासू नका. मधला भाग पार्श्वभूमीच्या छटेइतका फिका होईपर्यंत दाबत राहा. अखंड काढलेला काठ तीन-चार ठिकाणी तोडा. मग 2बी आणि त्यावर 6बीने दोन-तीन धारदार काळ्या जागा बसवा, आणि त्यांच्या शेजारी चमकेची हद्द कापलेल्या रबराने स्वच्छ करा. काकांचा तिसरा कागद आम्ही असाच दुरुस्त केला, जेमतेम पाऊण तासात. कागदाचे तंतू उठले असतील तर मात्र त्याच्याशी झगडू नका. नवा कागद घ्या आणि त्यावर पूर्ण ग्लास न काढता फक्त काठाचा खिडकीकडचा भाग काढा, तळहाताएवढा मोठा.